झावळीपासून ईस्टरपर्यंत



वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारी रांग लागते. धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी राखेचा क्रूस रेखतात.

ही राख येते कुठून?

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्यांपासून. वर्षभर घराघरात जपलेल्या त्या झावळ्या परत गोळा होतात. वाळून कडकडीत झालेल्या. मग त्या जाळतात.

इथून ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळले, तर 40 दिवसांचा. हा काळ एकट्याने नव्हे, सगळ्या मंडळीने मिळून पाळायचा. कुणी मांसाहार सोडतो. वाचलेला पैसा दानात जातो. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती होते. चौदा थांबे, प्रत्येक थांब्यावर प्रार्थना.

अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचे अहमदनगर) मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याच दिवसांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते घुमतात. साथीला पेटी आणि तबला. ही उपासना कानाला अस्सल मराठीच वाटते.

उपवासकाळाच्या शेवटी येणाऱ्या गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (मुख्य उपासनाविधी) होत नाही. वेदी उघडी. घंटाही मुक्या. ईस्टरच्या आदल्या रात्री, शनिवारी, अंधारात नवा अग्नी पेटतो. त्यावरून मोठी मेणबत्ती आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. म्हणजे पुन्हा तेच, सगळ्या मंडळीने मिळून.

ईस्टरची तारीख मात्र दर वर्षी बदलते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची. तिच्यानंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर.