मुलांनी आखलेले वेळापत्रक

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात एका शाळामास्तराने काय बोलावे, असा पेच आम्हांस पडला होता. संस्थेचा इतिहास सांगणारी जाणती माणसे व्यासपीठावर आहेतच. तेव्हा आम्ही आपले वर्गातलेच सांगतो. गतवर्षी आमच्या दहावीच्या मुलांनी मोबाईलवर काय शिकायचे आणि वर्गात काय, याची आखणी आपली आपण केली. त्या हकीकतीत या संस्थेच्या वाचनालयाचाही संबंध येतो.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, हे आपण विसरला नसाल. त्या वर्षी ऑगस्टात कर्नाटक सरकारने ‘विद्यागम’ योजना काढली, आणि शिक्षकच मुलांच्या गावी जाऊ लागले. आम्हीही खानापूरकडच्या एका गावी देवळाच्या ओवरीत बसून गणित शिकविले. पुजारीबुवा आमच्यासाठी रोज चटई झाडून ठेवीत. ऑक्टोबरात साथीच्या भीतीने योजना थांबली, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढे शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातात आलेला मोबाईल काही परत गेला नाही.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बर्गमन आणि सॅम्स नावाच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले पाठ चित्रित करून मुलांना घरी पाहावयास दिले, आणि वर्गाचा वेळ उदाहरणे व प्रयोग यांसाठी मोकळा ठेवला. हे वाचून आम्ही हुरळून गेलो. रात्री बसून सुंदर वेळापत्रक आखले आणि भिंतीवर लावले. चौथ्या दिवशी एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, तुम्ही आमच्या घरचे मोबाईल मोजलेत का?”

आम्ही मोजले नव्हते. मग मुलांनीच मोजले. स्वतःचा मोबाईल असलेली मुले बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेकांच्या घरी एकच मोबाईल, तो वडिलांबरोबर कामावर जाणारा आणि रात्री आठनंतर घरी येणारा. तोही आधी थोरल्या भावाच्या हाती. ज्या आखणीचा आम्हांस अभिमान वाटत होता ती या घरांसाठी नव्हतीच. आम्ही कागद काढून घेतला आणि म्हणालो, आता तुम्हीच आखा.

पहिली अडचण त्यांनी शोधली ती आम्हां शिक्षकांच्याही पुरती ध्यानात आली नव्हती. मराठीतून गणित शिकविणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे. तिकडे बीजगणित आणि भूमिती यांची दोन पुस्तके व दोन प्रश्नपत्रिका, तर आपल्या एस.एस.एल.सी.ला गणिताची एकच. धड्यांचा क्रम जुळत नाही, काही भाग तिकडे आहे तो इकडे नाही. बेळगावचा मराठी मुलगा व्हिडिओ लावतो, अर्धा तास मन लावून ऐकतो आणि शेवटी त्याला कळते की हे आपल्याला नाहीच! दोन मुलींनी यावर एक वही केली. आपला धडा कोणता, व्हिडिओ कोणता, कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत पाहायचा आणि कोठे सोडून द्यायचे, अशी त्यात नोंद. ती वही आज शाळेतल्या कोणत्याही छापील मार्गदर्शकापेक्षा अधिक फाटली आहे.

मग वर्गात काय ठेवायचे? येथे आम्हांस थोडे लागले. मुले म्हणाली, “सर, तुमचे समजावणे आम्ही मोबाईलवर दोनदा ऐकू शकतो, पण उदाहरण अडते तेव्हा तुम्ही जवळ नसता.” वीस वर्षे ज्या समजावून सांगण्यावर आम्ही पोट भरले, तेच त्यांनी वर्गाबाहेर काढले! दोन दिवस आम्ही गप्प होतो. पण म्हणणे खरे होते. कन्नड मात्र त्यांनी संपूर्ण वर्गातच ठेवले, कारण बोलायला समोर माणूस लागतो. आमच्या स्वतःच्या घरी दखनी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड. कोणती भाषा ऐकून येते आणि कोणती बोलूनच येते, हे आम्ही त्यांना निराळे काय सांगणार?

त्यांची आखणीही निर्दोष नव्हती. एक मुलगा संध्याकाळी वडिलांच्या अंड्यांच्या गाड्यावर उभा राही. रात्रीचा व्हिडिओ पाहता पाहता त्याला झोप लागे. न पाहता वर्गात बसायची लाज वाटून तो दहा दिवस शाळेतच आला नाही. आमच्या हे उशिरा लक्षात आले, हा दोष आमचा. नंतर मुलांनी जोड्या लावल्या. ज्याने व्हिडिओ पाहिला त्याने तासाच्या आरंभी दहा मिनिटे न पाहिलेल्यास सांगायचे. सांगणाऱ्यालाच धडा अधिक समजतो, हे जुन्या पंतोजींना ठाऊक असलेले गुपित त्यांना नव्याने सापडले. तो मुलगा पहिल्या परीक्षेत गणितात गेला. २०२४ पासून वर्षात तीन परीक्षा ठेवल्या होत्या, त्यांतल्या दुसरीत तो सुटला.

आता वाचनालयाविषयी. येथे इंटरनेट आहे, संगणक आहेत, पण वेळ संध्याकाळी पाच ते आठ. मुलगे येऊन बसतात. खानापूरकडच्या मुलींना साडेपाचची बस गाठायची असते, त्या दारावरून जातात. त्याच मुली सकाळी सातच्या बसने उतरून शाळा भरेपर्यंत फाटकाशी उभ्या असतात. सकाळी साडेसात ते साडेनऊ वाचनालय उघडावे, असा अर्ज मुलांनी आपल्या हस्ताक्षरात लिहून चिटणीससाहेबांकडे दिला आहे. वहीच्या प्रती टेबलावर ठेवू, खुर्च्या आम्हीच लावू, असेही त्यात लिहिले आहे. विश्वस्तांचा विरोध नाही, एवढ्या सकाळी किल्ली घेऊन कोणी यायचे एवढाच प्रश्न अडला आहे, असे आम्हांस कळते. आमचे घर तीन गल्ल्यांवर आहे. पहाटेच्या नमाजापासून आम्ही जागेच असतो. किल्ली आमच्याकडे द्यावी.