आधी कापड बघा, मग मशीन

हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, टी-शर्टवर छापून द्यायचं काम कसं आहे? मशीन कुठलं घ्यावं?" गणेश मंडळ, कबड्डीचा संघ, दिंडी, शाळेचं संमेलन, सगळ्यांना नाव छापलेले टी-शर्ट हवे असतात. काम आहे, यात शंका नाही. पण आमचा गट यात एकदा चांगलाच पोळलाय. आधी ते सांगते.

आम्ही कर्ज काढून हीट प्रेस, म्हणजे गरम दाबाचं मशीन, आणि सब्लिमेशनचा प्रिंटर घेतला. विकणाऱ्याने छापून दाखवलं, रंग झकास आले. पहिलीच ऑर्डर मंडळाच्या 40 टी-शर्टची. आम्ही फिक्या पिवळ्या रंगाचे, चांगले सुती टी-शर्ट आणले. छापल्यावर रंग जरा मंद वाटला, पण चालेल म्हटलं. पहिल्या धुण्यात चित्र गेलं! एका नगाचे 150 म्हणजे 6,000 रुपये परत केले. त्या महिन्याचा हप्ता आम्ही दहाजणींनी घरखर्चातून भरला. गटात शिवणकाम करणारी एक काकू आहे. ती एवढंच म्हणाली, "अगं, कापड कुठलं ते विचारलं होतं का कुणी?"

नव्हतं विचारलं. सब्लिमेशनची शाई उष्णतेने वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. तिथे ती पक्की बसते, हाताला लागतही नाही. सुती धागा तिला धरत नाही. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतो, म्हणून कापडही पांढरं किंवा फिकंच लागतं. खेळाच्या पॉलिस्टर जर्सीला ही पद्धत उत्तम, सुती टी-शर्टला नाही.

दुसरी पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची. चौकटीला ताणलेल्या जाळीतून रबराच्या पट्टीने शाई ओढायची. सुती कापडावर छान टिकते, पण शाई कापडाला जुळणारी हवी आणि तिला सांगितलेली उष्णता द्यायलाच हवी. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. त्यामुळे एक-दोन रंग आणि नग भरपूर, तिथे ही स्वस्त पडते.

तिसरी व्हिनाइल. रंगीत पातळ पत्र्यातून अक्षरं मशीनने कापायची, नको तो भाग सोलून काढायचा आणि गरम दाबाने चिकटवायची. जर्सीवरची नावं आणि नंबर असे करतात. फोटोसारखं चित्र यात जमत नाही.

चौथी डीटीएफ. चित्र फिल्मवर छापतात, त्यावर चिकटणारी पावडर असते आणि हीट प्रेसने ते कापडावर उतरतं. सुती असो की पॉलिस्टर, काळं असो की पांढरं, सगळीकडे चालतं. चार-पाच नगही परवडतात. फक्त मोठं भरीव चित्र छातीवर जाड लागतं, उन्हाळ्यात घाम येतो. याचा प्रिंटर लगेच घेऊ नका. त्यातली पांढरी शाई तळाला बसते, मशीन रोज चालवलं नाही तर तोंड तुंबतं. शहरातून छापलेली फिल्म मागवा आणि आपण दाबून द्या.

आता हिशेब. आकडे फक्त समजण्यासाठी घेते, तुमच्याकडचे भाव विचारून घाला. समजा स्क्रीन बनवायला 500 रुपये आणि नगामागे शाई 10 रुपये. पाच नग असतील तर एकाला 110 रुपये पडले. शंभर असतील तर 15. फिल्म नगाला 60 रुपये धरली, तर पाच असोत की शंभर, 60च. म्हणजे पाचाला फिल्म, शंभराला स्क्रीन.

म्हणून ऑर्डर घेताना तीन गोष्टी वहीत लिहा. कापड कुठलं? नग किती? रंग किती? कापड ओळखायला एक दोरा काढा, चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. पोरंबाळं लांब ठेवा. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र असेल तर राखेत कडक खडे लागतात.

आणि एक नग आधी छापून, एक दिवस थांबून, दोन-तीनदा धुऊन बघा. मगच बाकीचे करा. गिऱ्हाइकाला सांगा, उलटा करून थंड पाण्यात धुवा, छपाईवर ब्रश नको, इस्त्री नको.

आमचं मशीन वाया गेलं नाही. आज त्याच हीट प्रेसवर आम्ही सुती टी-शर्टला फिल्म लावतो, आणि प्रिंटर जर्सीच्या कामाला आहे. पण ऑर्डर आली की दोरा आधी काकूच जाळून बघते. तिने हो म्हटल्याशिवाय आम्ही आगाऊ पैसे घेत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत मशीनच्या किमतीआधी हे बोला.