आतड्याचे घड्याळ

पितळी भांड्याला वर्षातून एकदोनदा कल्हई करून घेतली की गृहिणीचे काम भागत असे. मनुष्याच्या लहान आतड्याची कल्हई मात्र चार-पाच दिवसांतच उतरते आणि तितक्याच अवधीत नव्याने चढते. हे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे. पाचकरसांचा मारा आणि अन्नाची घासाघीस त्यालाच सोसावी लागते. अस्तरावरील सूक्ष्म रसांकुरांच्या पायथ्याशी खोलगट खळगे असतात. त्यांत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि टोकाशी पोहोचल्या की गळून पडतात. १९४८ साली माँट्रियल येथील लब्लाँ आणि स्टीव्हन्स यांनी उंदरांच्या आतड्यात हा अखंड जीर्णोद्धार दाखवून दिला.

अखंड खरा, पण एकसारखा नव्हे. या खळग्यांतील लगबग दिवसाच्या प्रहरांप्रमाणे वाढते आणि ओसरते. १९९१ साली अमेरिकेत निरोगी माणसांच्या गुदाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे दिवसरात्र ठराविक अंतराने काढून तपासण्यात आले, तेव्हा पेशीविभाजनाच्या पूर्वतयारीचा भर सकाळी सातच्या सुमारास आढळला. ज्या स्वयंसेवकांनी मध्यरात्रीही ही तपासणी सोसली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

या लयीचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, नेत्रतंतूंच्या छेदनस्थानाच्या वर असते, हे १९७२ मध्ये कळले. ते उजेडावर चालते. परंतु शरीरातील इतर इंद्रियांनाही आपापली घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळा पाळतात. उंदीर निशाचर, त्यांना केवळ दिवसाच अन्न दिले तेव्हा त्यांच्या यकृताचे घड्याळ उलटे फिरले आणि मेंदूचे मात्र जागच्या जागी राहिले, असे २००० साली जिनिव्हा येथील शास्त्रज्ञांना दिसले. रात्रपाळीच्या कामगाराने पहाटे तीनला डबा उघडला म्हणजे त्याच्या देहात असाच दुफळीचा कारभार सुरू होत असला पाहिजे.

या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती रुग्णशय्येपाशी. विभाजनाच्या तयारीतील पेशींना क्ष-किरणादी किरणांची इजा अधिक होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार करताना आतड्याचा काही भाग किरणांच्या वाटेत येतोच. मग जुलाब सुरू होतात, रुग्ण खंगते, कधी उपचारच अर्धवट सोडावे लागतात. लखनौ येथील वैद्यांनी २२९ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: काहींना सकाळी, काहींना संध्याकाळी उपचार. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सकाळच्या ११९ स्त्रियांपैकी १०४ जणींना आतड्याचा त्रास झाला, संध्याकाळच्या ११० पैकी ७५ जणींना. तीव्र त्रास सकाळी १७ जणींच्या वाट्यास आला, संध्याकाळी केवळ सहा जणींच्या.

यासाठी नवे औषध लागले नाही, नवे यंत्रही नाही. बदलली ती फक्त वेळ. एका चाचणीवर सारा भरवसा टाकणे उतावळेपणाचे होईल, हे खरे. शिवाय यंत्र एक आणि रुग्णांची रांग लांब, अशा ठिकाणी संध्याकाळ सर्वांच्या वाट्याला येणार कशी? पण रांगेतील प्रत्येकाचे आतडे किरणांच्या वाटेत नसते. छातीवर किंवा हातापायावर उपचार घेणाऱ्याला सकाळी आठला बोलावून संध्याकाळची जागा त्या स्त्रीसाठी राखता येईल; त्यासाठी नोंदवहीतील नावांचा क्रम तेवढा बदलावा लागेल.