हिंग जळाला तरी कळेना

आज विषय वासाचा, आणि सुरुवात माझ्याच स्वयंपाकघरातून.

2021 चा जानेवारी. कोविड होऊन गेला होता, ताप उतरला होता. बऱ्याच दिवसांनी वरणाला फोडणी द्यायला उभी राहिले. मोहरी तडतडली, हिंग घातला, तेवढ्यात साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. बोलता बोलता मुलगा वरून धावत आला, "आई, काय जळतंय?" कढल्यातून धूर निघत होता आणि मी हातभर अंतरावर पाठ करून उभी. ना हिंग कळला होता, ना धूर.

तेव्हा मी खरी घाबरले. इथे आपल्यापैकी बहुतेकांकडे गॅस आहे. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. नाकच गेलेलं असेल तर ती सोय काय कामाची?

नाकात अगदी वर, टपाल तिकिटाएवढ्या जागेत, वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीवर एकाच जातीचा रिसेप्टर. माणसात अशा सुमारे 400 जाती आहेत. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता, हिंगासाठी वेगळी पेशी नसते बरं का. हिंगातले अनेक रेणू वेगवेगळे रिसेप्टर एकदम छेडतात, पेटीच्या चार-पाच पट्ट्या एकत्र दाबाव्यात तसे. तो मेळ मेंदू ओळखतो.

या पेशींचे धागे चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत शिरतात. डोळ्यांचा, कानांचा निरोप आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतो. वासाचा निरोप तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी दारात पोचतो. मेतकुटाचा डबा उघडला की क्षणात आजोळ आठवतं, ते त्यामुळे.

आणि चव? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकीची चव म्हणजे घास चावताना घशामागून नाकात चढणारा वासच. माझं वरण नुसतं कोमट आणि खारट लागायचं.

कोविडचा विषाणू मुख्यतः चेतापेशींना नव्हे, तर त्यांना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशींना गाठतो. चेतापेशी नव्याने उगवूही शकतात, म्हणून आशा असते. पण परतताना गोंधळ होतो. एप्रिलमध्ये मला वास येऊ लागला तो भलताच. कांदा परतला की गटाराचा, कॉफीचा जळक्या रबराचा. लोकांना वाटायचं मी नाटक करते. पुढे 2022 मध्ये रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीतले असे त्रास देणारे रेणू वेगळे काढून दाखवले, त्यांत गंधकाचा एक रेणू आघाडीवर होता. वाचून मला फार हायसं वाटलं.

उपाय साधा आहे, चिकाटीचा आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज दोनदा, प्रत्येक वास थोडा वेळ लक्ष देऊन हुंगायचा, निदान 12 आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, लवंगा हुंगून कुठे नाक सुधारतं? काढा घे." मी दोन्ही केलं. लवंग सातव्या आठवड्यात आली, आधी फक्त झणका, मग वास. कांदा आता बरा आहे. कॉफी अजून नाही.

एक सांगायचं राहिलं. नाकाची तक्रार असेल तर घरात गॅसगळतीचा वेगळा अलार्म बसवून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गॅसगळती ओळखत नाही, दोन्ही वेगळे. आणि सर्दी नाही, कोविड नाही, तरी वास हळूहळू कमी होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. पार्किन्सनमध्ये हे लक्षण कधी कधी हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.