छत्तीस फोटो



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. मूळचा साताऱ्याकडचा, आता पानिपतला मुलाकडे राहतो. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून खूप लोक इथं काला अंबला येतात. १७६१च्या लढाईत ज्या आंब्याखाली इतकं रक्त सांडलं की तो काळा पडला असं सांगतात, तो आंबा आता नाही. त्या जागी विटांचा स्तंभ आहे. झाड गेलं, तरी आपण येतो आणि डोकं टेकवतो. ही गोष्ट मला माझ्या आजारपणात समजली.

चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडलो. हेल्मेट होतं, पट्टा लावला नव्हता. मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन. जीव वाचला. घरी आल्यावर कळलं, सगळं परत आलेलं नाही. एकेकाळी कंपनीतल्या सव्वाशे जवानांची नावं मला पाठ होती. आता दुपारी काय जेवलो ते संध्याकाळी आठवेना. दोघं एकदम बोलले की डोकं बधिर व्हायचं. एकदा नातवावर असा ओरडलो, की दोन दिवस तो माझ्या खोलीकडे फिरकला नाही.

उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, पायरी-पायरीनं करायचं एखादं काम शोधा. कपाटात जुना पेन्टॅक्स के-१००० होता. फिल्मचा कॅमेरा. अ‍ॅपर्चर, शटर, फोकस, मग क्लिक. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. मागे स्क्रीन नाही, मेन्यू नाही. एका वेळी एकच गोष्ट.

मी जुन्या पानिपतच्या गल्ल्यांत जाऊ लागलो. पातळ लाखोरी विटांच्या पडक्या हवेल्या, भिंतीतून उगवलेला पिंपळ, कुलूप लागलेले माग. पडकी भिंत हलत नाही, घाई करत नाही, 'आता बरं आहे ना?' असंही विचारत नाही.

पहिला रोल धुऊन आला. त्यात एकाच दाराचे अकरा फोटो! आठवडाभर रोज मला वाटत होतं, हे दार आजच दिसलं. त्या दिवशी मी रडलो. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एक वही आणून दिली. मी प्रत्येक फोटोचा नंबर, जागा, अ‍ॅपर्चर, वेग लिहू लागलो. चारशेच्या फिल्मला कडक उन्हात अ‍ॅपर्चर सोळा, वेग पाचशे, हा पूर्वी तोंडपाठ असलेला हिशेबही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

सहाव्या रोलमध्ये ते दार एकदाच आलं. वहीत माझ्या अक्षरात होतं : 'हे आधी काढलंय. आज उजेड वेगळा.' मला पदक मिळाल्याचाही इतका आनंद झाला नव्हता.

एडवर्ड मायब्रिज हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८६० साली अमेरिकेत घोडागाडीच्या अपघातात त्याच्या डोक्याला जबर मार बसला. धावत्या घोड्याचे प्रसिद्ध फोटो त्यानं त्यानंतर, १८७८ मध्ये काढले. कॅमेऱ्यानं तो बरा झाला, असं मी म्हणणार नाही. माझाही कॅमेऱ्यानं झालेला नाही. औषधं, व्यायाम, डॉक्टर सगळं चालू होतं. पण दुखापतीनंतरही माणसाच्या हातून काम होतं, एवढं खरं.

पानिपतात जगभरचे जुने कपडे येतात. ते फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. जुना कोट परत कोट होत नाही. पण थंडीत ऊब देतो.

तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला 'पूर्वीसारखा हो' म्हणू नका. एक काम द्या, एक वही द्या, आणि तो थकायच्या आधी त्याला थांबवा. पडक्या इमारतींचे फोटो काढायचे असतील तर बाहेरूनच काढा, मालकाला विचारून. छपरं पडतात.

माझा नातू आता माझी वही सांभाळतो. नंबर चुकला की ओरडतो तो!

आणि स्कूटरवर बसाल तेव्हा हेल्मेटचा पट्टा लावा.

जय हिंद.