गोट्या आणि ययाति यांच्या मधला कप्पा



संयोजकांनी मला ‘सध्या काय वाचतेस?’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. तुमची अपेक्षा एखाद्या जाडजूड चरित्राची असेल. पण मी सांगणार आहे ती पुस्तकं जादूगार, सावल्या आणि चालणारी झाडं यांची आहेत, आणि ती लिहिली आहेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी. माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. तुमचंही तेवढंच आहे.

याला कारण माझी भाची. ती नववीत आहे. ‘काय गं वाचतेस?’ असं मी सहज विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, नुसतं विचारू नकोस. तू वाच, मग आपण बोलू.’ पुस्तकं इंग्रजी, मी आपली मराठी माध्यमाची. शब्दकोश शेजारी ठेवून वर्षभरात बरीच वाचली. त्यांतल्या तिघांविषयी बोलते.

पहिलं उर्सुला ली ग्विन या अमेरिकन लेखिकेचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. साल १९६८, म्हणजे हॅरी पॉटर यायच्या एकोणतीस वर्षं आधीचं. गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा जादूच्या शाळेत जातो. तिथं ईर्ष्येपोटी नको ती विद्या करून दाखवतो आणि त्यातून एक काळी सावली जगात येते. ती त्याच्या मागे लागते, हा बेटाबेटांवरून पळतो. शेवटी त्याचे जुने गुरू सांगतात, पळू नकोस, वळ आणि तूच तिचा पाठलाग कर. या जगात एखाद्याचं खरं नाव कळलं की त्याच्यावर सत्ता चालते. मला हे अजिबात परकं वाटलं नाही. आपल्या आज्या रात्री सापाचं नाव घेऊ देत नसत, ‘जनावर’ म्हणायला लावत. आणखी एक गोष्ट भाचीनं दाखवली. गेड सावळा आहे, तांबूस-तपकिरी कातडीचा. लेखिकेनं ते मुद्दाम केलं होतं, तरी कित्येक मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवला गेला. भाची म्हणाली, ‘मावशी, जादूगार आपल्या रंगाचा असू शकतो हे मला माहीतच नव्हतं.’

दुसरं लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’, १९९३ चं. एक अतिशय नीटनेटकं गाव. भांडण नाही, भूक नाही, पण रंगही नाहीत आणि जुन्या आठवणीही नाहीत. मूल बारा वर्षांचं झालं की वडीलधाऱ्यांची समिती त्याचं काम ठरवून टाकते. हे वाचताना मला हसू आलं. आपल्या वेळी दहावीचा निकाल लागला की घरोघरी अशीच समिती बसायची: काका, मामा, शेजारचे जोशी. टक्के बघून सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. पण हसू पुढे टिकत नाही. जोनास या मुलावर गावाच्या सगळ्या आठवणी सांभाळायचं काम येतं, आणि त्याला कळतं की ही सगळी शांतता कशाच्या बदल्यात मिळाली आहे. अमेरिकेत या पुस्तकाला बालसाहित्याचं मोठं न्यूबेरी पदक मिळालं आणि तिथल्याच काही पालकांनी ते शाळेतून काढा अशी मागणीही केली.

तिसऱ्याविषयी बोलणं मला थोडं जड जाणार आहे. पॅट्रिक नेस यांचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’, २०११ चं. याची मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. त्या कर्करोगानं गेल्या, म्हणून पुस्तक नेस यांनी लिहिलं. कॉनर तेरा वर्षांचा आहे, त्याची आई आजारी आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचं यू जातीचं झाड राक्षस होऊन खिडकीशी येतं. म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगेन, चौथी तू मला सांगायची, आणि ती खरी हवी. कॉनरच्या मनातलं ते खरं असं आहे: आईनं जाऊ नये असं त्याला वाटतं, आणि हे एकदाचं संपावं असंही वाटतं.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, आपण नववीत असताना माझे वडील आठ महिने अंथरुणावर होते. मी शाळेत येत होते, डबा खात होते. घरी येणारा प्रत्येक जण सांगायचा, ‘रडायचं नाही हं, तू मोठी आहेस, आईला आधार दे.’ मला तेव्हा कॉनरसारखंच वाटत होतं आणि आपण दुष्ट आहोत अशी माझी खात्री होती. जगात आणखी कुणाला असं वाटलेलं असेल, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर एका लहान मुलांच्या पुस्तकातून कळलं.

आपल्याकडे आईच्या मृत्यूचं पुस्तक नव्हतं असं नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ बाईंनी वर्गात वाचली तेव्हा मागचे बाकही रडले होते. पण श्याम चांगला मुलगा आहे. रागावलेल्या, सुटका मागणाऱ्या मुलासाठी आपल्या कपाटात जागा नव्हती. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला, की आपण थेट खांडेकरांच्या ‘ययाति’वर उडी मारली. मधला कप्पा रिकामाच होता. चौदाव्या वर्षी जे विचारायची लाज वाटते, ते राक्षसाच्या आणि सावलीच्या आडून विचारता येतं. या पुस्तकांचं मोल मला त्यात वाटतं.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीचा निधी पाण्याचं यंत्र बसवून उरला आहे आणि त्याचं काय करायचं यावर महिनाभर चर्चा चालू आहे. त्यातून शाळेच्या वाचनालयात आठवी ते दहावीसाठी एक कप्पा भरूया. मराठीत मिळतील ती मराठीत, बाकीची इंग्रजीत. मुलांना इंग्रजी जड जाईल, हे मी अनुभवानं सांगते. तेव्हा महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी एकानं यावं आणि एक पुस्तक मराठीतून गोष्टीसारखं सांगावं. शेवट मात्र सांगायचा नाही, तो मुलांनी पुस्तकातून शोधायचा. कप्प्याला कुलूप नको, एवढं मुख्याध्यापकांना मी आत्ताच सांगून ठेवते.

जूनचा पहिला शनिवार माझा. गेडपासून सुरुवात करीन. जुलैसाठी नाव द्यायचं असेल, तर जेवणाच्या पंगतीत मला गाठा, वही माझ्याजवळ आहे.