‘आवड होती’ : आत्मचरित्रं कानांनी वाचताना

गेल्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी साधारण एकच मागणी केली आहे. ‘प्रवासात ऐकता येईल असं एखादं प्रेरणादायी आत्मचरित्र सुचवा.’ कुणी लोकलमध्ये दोन तास घालवतं, कुणी पहाटे टेकडीवर चालायला जातं, कुणाच्या हाताला पोळ्या आणि कानाला इअरफोन. मागणी अगदी रास्त आहे. पुस्तकं सुचवणारच आहे मी आज. पण त्याआधी त्या ‘प्रेरणादायी’ शब्दाशी मला थोडं भांडायचं आहे.

हल्ली मोठ्या माणसांची आयुष्यं पंधरा-पंधरा मिनिटांत मिळतात. गरिबी, संघर्ष, जिद्द, यश, आणि शेवटी त्यातून शिकण्यासारखे पाच मुद्दे. ऐकायला बरं वाटतं, नाही असं नाही. पण आठ दिवसांनी विचारा स्वतःलाच, काय राहिलं? माझ्याकडे तर काहीच राहत नाही. कारण त्या गोष्टीतून जे काढून टाकलेलं असतं ना, तेच नेमकं माणसाच्या कामाचं असतं. कुणाच्या घरात कोण किती वाजता जेवायचं, कुणाला कशाची लाज वाटायची, पैसे कुणाच्या हातात असायचे. यात धडाबिडा काही नसतो. पण आपली तार जुळते ती अशाच एखाद्या ठिकाणी, आणि ते ठिकाण कुठलं हे पुस्तक लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता ऐकण्याबद्दल. काही मंडळी म्हणतात, ऐकणं म्हणजे काही वाचन नव्हे. असेल बुवा. कादंबरीचं मला सांगता येणार नाही, पण मराठीतली आत्मचरित्रं मुळातच कानाच्या जवळची आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. 1934 ते 1936 या काळात चार भागांत आली. रीतसर शाळेत न गेलेली ही बाई, आणि मराठी अशी की समोर बसून कुणी बोलतंय. नवरा, म्हणजे रेव्हरंड टिळक, न सांगता घरातून निघून जाणारा, आहे ते वाटून टाकणारा. 1895 मध्ये तो ख्रिस्ती होतो आणि या पुढची काही वर्षं वेगळ्या राहतात. एवढं सगळं सोसलेली बाई सांगते कशी, तर हसत! वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुऊन वाळवायचं. त्या पायी आईचे किती हाल झाले असतील, पण वर्णन ऐकताना आपण आधी हसतो आणि मग दोन वाक्यांनी गप्प होतो. डोळ्यांनी वाचताना हा ‘मग’ निसटतो बऱ्याचदा. आवाजात तो सापडतो, कारण आवाज आपल्यासाठी घाई करत नाही.

हंसा वाडकरांच्या पुस्तकाचं तर नावच ‘सांगत्ये ऐका’. 1959 साली त्यांचा याच नावाचा सिनेमा गाजला होता, तिथून ते आलं. पण बघा ना, आत्मचरित्राला यापेक्षा सरळ नाव काय असू शकतं? आणि ते खरोखरच सांगितलेलं आहे. त्या बोलल्या आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं. पुस्तक आलं 1970 मध्ये, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ यावरच आधारलेला.

दया पवारांचं ‘बलुतं’, 1978. त्यात दगडू मारुती पवार आपली हकिगत सांगतो आणि ऐकणारा कोण, तर शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार. म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग, एक सांगतोय, दुसरा ऐकतोय. छापील पुस्तकात ही मला एक रचना वाटायची. कानांनी ऐकताना मात्र त्या ऐकणाऱ्याच्या खुर्चीत आपणच बसलेलो असतो, आणि तिथून उठता येत नाही. त्यामुळे ते पुस्तक स्वयंपाक करता करता ऐकू नका असं मी सांगेन.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला छोटंसं दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या, आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं. ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक 1986 मध्ये आलं. त्यात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त. मोठ्याने ऐकलं की तो ‘आम्ही’ सारखा कानावर पडत राहतो, आणि हळूहळू लक्षात येतं की या बाईला आपलं आयुष्य एकटीचं म्हणून सांगताच येणार नाही.

बरं. आता माझ्या घरातली गोष्ट. ही सांगायला मी बाबांची रीतसर परवानगी घेतली आहे.

माझे बाबा जुळारी. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. छापखान्यात शिशाचे खिळे असायचे, एकेका अक्षराचा एकेक खिळा, आणि ते एकापुढे एक लावून मजकूर तयार करायचा. हे काम करणारा तो जुळारी. अक्षरं उलटी असतात बरं का, आरशात दिसतात तशी. बाबा साताऱ्याच्या एका छापखान्यात तेराव्या वर्षी लागले. कंप्युटर आले, खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या, तेव्हा ते मुद्रितशोधनाकडे वळले. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं अक्षर-अक्षर करून हाताळली. आणि आता शहात्तराव्या वर्षी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट. ओळ वाचायला गेलं की ओळच नाहीशी.

सुरुवातीचे काही महिने ते चिडचिडे झाले होते. रेडिओ नको, टीव्ही नको. मी फोनवर पुस्तकं लावून द्यायला लागले. जी पुस्तकं ध्वनिरूपात मिळत नाहीत ती मीच रात्री वाचायची. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या उच्चाराच्या अकरा चुका काढल्या. (हसते) मुद्रितशोधक, दुसरं काय!

तर एका रात्री ‘सांगत्ये ऐका’ चालू होतं. हंसाबाई लहान वयात सिनेमात आल्या त्या हौसेने नव्हे, घरात पैसा हवा म्हणून. कमावणारं मूल. सगळं घर त्याच्यावर चालतं, आणि तरी ते मूलच असतं. तो भाग झाला आणि बाबा म्हणाले, ‘थांबव.’ मी थांबवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आवड होती.’

मला कळेना कशाची. तर शाळेची.

आता हे समजायला तुम्हाला आमच्या घरातली दंतकथा माहीत हवी. आजोबा लवकर गेले. बाबा थोरले, पाठचे दोन काका. बाबा छापखान्यात गेले आणि काका शिकले. एक इंजिनिअर झाला, एक शिक्षक. प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत ही गोष्ट निघते आणि ती अशी सांगितली जाते : ‘दादाला शाळेची आवडच नव्हती हो, त्याचं मन तिकडे खिळ्यांतच.’ प्रेमाने सांगतात, त्यात वाईट हेतू काही नाही. बाबाही ऐकून हसतात. साठ वर्षं हसत आलेत. आणि त्या रात्री एका नटीची हकिगत ऐकून त्यांनी ती गोष्ट दोन शब्दांत दुरुस्त केली. मुद्रितशोधक करतो तशी. एक शब्द खोडला, एक लिहिला.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणाले, ‘ते पाच-सात वर्षांचे होते तेव्हा. त्यांनी थोडंच मला काढलं शाळेतून? आणि आईला सोपं जायचं ना तसं म्हटलं की.’ म्हणजे ती दंतकथा आजीने तयार केली होती. मुलाला शाळेतून काढलं असं म्हणण्यापेक्षा त्याला आवड नव्हती असं म्हणणं तिला झेपत होतं. मला आजीचाही राग नाही आला हे ऐकून. तिच्याकडे दुसरं काय होतं?

पण त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली, आणि कारण बाबा नव्हते. कारण असं की हीच गोष्ट सध्या माझ्याबद्दल तयार होते आहे, माझ्या डोळ्यांदेखत. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांमुळे मी पूर्णवेळ नोकरी सोडून अर्धवेळ घेतली. धाकटा भाऊ बंगळुरूला असतो. चांगला आहे, पैसे वेळेवर पाठवतो. पण नातेवाइकांत बोलताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘ताईला घरीच बरं वाटतं.’ आणि मी? मी पण हसत होते. सोपं जातं ना तसं म्हटलं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन केला. भांडले नाही. इतकंच सांगितलं की मला घरी बरं वाटत नाही, मला माझं काम आवडत होतं, अजून आवडतं, आणि मी ते बाबांसाठी कमी केलं आहे. निर्णय माझा आहे, पण त्याला आवडनिवड म्हणू नकोस. तो काही क्षण गप्प होता. मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, ‘मी कुठे काय म्हटलं?’ म्हणजे फार काही सुंदर संभाषण झालं नाही. पण दोन महिन्यांनी तो पंधरा दिवस रजा काढून आला आणि मी एका कामासाठी बाहेरगावी जाऊन आले. पुढचं अजून ठरतंय. काकांशी मी बोललेले नाही. ते बाबांचं आहे, त्यांनी ठरवावं. हा भाग काकांच्या कानावर गेला तर, असं मी विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, ‘जाऊ दे.’

आता सांगा, यात प्रेरणा कुठे आहे? हंसा वाडकरांचं आयुष्य काही माझ्यासारखं नाही. बाबांसारखं तर अजिबातच नाही. त्यांच्यापासून शिकण्यासारखे पाच मुद्दे काढायला बसलात तर पंचाईत होईल. पण त्यांनी आपली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या सोयीची ठेवली नाही, हे बाबांच्या कानाने टिपलं.

म्हणून सुचवताना मी एकच बघते, की सांगणाऱ्याने आपली बाजू फार नीटनेटकी केलेली नसावी. सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 मध्ये आलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती. लोकांना आवडत्या लेखकाच्या घरातलं ऐकायचं होतं आणि मिळाली त्यांना एक स्वतःशी न मिटणारा वाद घालणारी बाई. ते पुस्तक सलग ऐकू नका, रोज थोडं. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, 1910 चं, याच्या अगदी उलट. न्यायमूर्तींबद्दलच्या भक्तीनेच ओथंबलेलं. पण अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला नवरा शिकवतो आणि घरातल्या बायका त्यावरून तिला छळतात, तो भाग कान देऊन ऐका. भक्तीच्या आडून ही बाई स्वतःबद्दल बरंच काही सांगून जाते.

चरित्रांचं काय, असंही एकाने विचारलंय. खरं सांगते, चरित्र ऐकायला जड जातं. सनावळ्या आणि नावं कानात टिकत नाहीत, मागे जाऊन बघता येत नाही. धनंजय कीरांसारख्यांची चरित्रं मी अजून हातात धरूनच वाचते, पेन्सिल घेऊन. ऐकायचंच असेल तर छापील प्रत शेजारी असू द्या.

आणि कृपा करून वेग वाढवू नका. दीडपट वेगाने बातम्या ऐका, माझा पॉडकास्टसुद्धा ऐका हवं तर. पण लक्ष्मीबाई दीडपट वेगाने? त्या जिथे थांबतात तिथेच तर सगळं आहे. वाचणाऱ्याचा आवाज आधी पाच मिनिटं पारखून घ्या. दुःखाच्या जागी जो आधीच गळा काढतो, त्याला मी बंद करते. दुःख सोसणाऱ्यांनी इतकं स्वच्छ लिहून ठेवलंय, त्यावर आपलं पाणी कशाला ओतायचं? बोलीभाषेचंही तसंच. पुस्तकातली बोली गुळगुळीत करून वाचली की अर्धा माणूस गेला.

घरात कुणी वयस्कर असेल तर स्पीकरवर लावा, इअरफोन नको. आणि ते ‘थांबव’ म्हणाले तर थांबवा. पुढे काय म्हणतील ते म्हणतील. बऱ्याचदा ‘पाणी दे’ एवढंच म्हणतात, हेही सांगून ठेवते.

आमच्याकडे सध्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ चालू आहे. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघतो आणि थेट 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यातसुद्धा. हे मीच वाचते आहे. कालपर्यंतच्या चुका : चार.

तुम्ही काय ऐकताय ते कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.